व्यवस्थापनशास्त्राचे संशोधन आणि आपण

(आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी भाषिक शेतकरी, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक शंका आली असेल. धोरणात्मक व्यवस्थापन, उद्योगव्यवसायाचे शास्त्र, त्यातील संशोधनाचे नवे प्रवाह आणि त्यासाठी देशोदेशींच्या विद्यापीठांत चाललेले सहकार्य, या साऱ्याचा पैनगंगेच्या काठी काळ्या जमिनीत कापूस पिकविणाऱ्या माणसाशी संबंध काय? ही शंका रास्त आहे. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर. हे शास्त्र मी विद्यार्थी म्हणून शिकलेलो नाही. प्रसिद्धीच्या कामाच्या निमित्ताने अहवाल व ग्रंथ वाचावे लागले, त्यातून जे समजले तेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रारंभी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची पाहणी करणारी मंडळी अशाच एका कापसाच्या गावी आली होती. मी दुभाष्या म्हणून त्यांच्यासोबत होतो. एका वयस्क शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्यांनी दोन तास प्रश्न विचारले. जमीन किती, कर्ज किती, बियाणे कोणते, माल कोणाला विकला, भाव काय मिळाला. त्या गृहस्थांनी सर्व प्रश्नांची शांतपणे उत्तरे दिली, चहा पाजला आणि निरोपाच्या वेळी मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, हे सारं लिहून नेता, त्याचं पुढं काय होते?" मी म्हणालो, "अहवाल येईल, तेव्हा आपल्याला कळवू." अहवाल आला की नाही, मला ठाऊक नाही. त्या ओसरीपर्यंत तो पोहोचला नाही, एवढे मात्र निश्चित. त्या शेतकऱ्याचा प्रश्न हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

शास्त्र कोणते आणि कशासाठी?

'धोरणात्मक व्यवस्थापन' हा शब्द जड आहे. पण त्यामागील कल्पना आपल्या रोजच्या व्यवहारातील आहे. आपल्यापाशी साधने मर्यादित आहेत, भोवतालची परिस्थिती बदलती आहे आणि स्पर्धक अनेक आहेत. अशा वेळी काय करावे, काय करू नये आणि कोणाच्या सोबतीने करावे, याचा दूरचा विचार करून निर्णय घेणे म्हणजे धोरण. कापूस पेरावा की सोयाबीन. पहिल्या वेच्याचा माल लगेच विकावा की घरात ठेवावा. एकट्याने विकावा की दहा जणांनी मिळून न्यावा. हे सर्व धोरणाचेच प्रश्न आहेत. मोठ्या कारखान्याच्या संचालकापुढे आणि पाच एकरांच्या मालकापुढे ते सारखेच उभे असतात. फरक एवढाच की, संचालकाची चूक झाली तर ती अनेक भागधारकांत वाटली जाते, आणि शेतकऱ्याची चूक त्याच्या एकट्या घरावर पडते.

या शास्त्राचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात उद्योगव्यवसायाचे विद्यालय १९०८ मध्ये निघाले. आल्फ्रेड चँडलर यांनी मोठ्या कंपन्यांच्या वाढीचा इतिहास तपासून १९६२ मध्ये ग्रंथ लिहिला. धोरण बदलले की संघटनेची रचनाही बदलावी लागते, हा त्याचा आशय. १९८० मध्ये मायकेल पोर्टर यांचा स्पर्धेविषयीचा ग्रंथ आला. त्याच वर्षी या विषयाला वाहिलेले स्वतंत्र संशोधन-नियतकालिक निघाले आणि पुढच्या वर्षी अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली.

आपल्या देशात या शास्त्राची मुळे परदेशी सहकार्यातूनच रुजली. हैदराबाद येथील प्रशासकीय अधिकाऱ्यांचे महाविद्यालय १९५६ मध्ये इंग्लंडमधील हेन्ली येथील संस्थेच्या धर्तीवर स्थापन झाले. १९६१ मध्ये अहमदाबाद व कलकत्ता येथे भारतीय व्यवस्थापन संस्था निघाल्या. अहमदाबादच्या संस्थेला हार्वर्डचे, तर कलकत्त्याच्या संस्थेला मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेचे साहाय्य होते. २००१ मध्ये हैदराबाद येथे सुरू झालेल्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसलाही अमेरिका व इंग्लंड येथील विद्यालयांचे सहकार्य लाभले. प्रारंभीच्या काळात सहकार्याचा अर्थ असा होता की, ते शिकविणार आणि आपण शिकणार. उदाहरणे त्यांच्या कारखान्यांची आणि विद्यार्थी आपले.

गेल्या चाळीसपन्नास वर्षांत हे चित्र पालटले आहे. आता आपले व्यवहार हाच परदेशी विद्यापीठांच्या अभ्यासाचा विषय होऊ लागला आहे. यातील तीन उदाहरणे आपल्या मराठी मुलखातील आहेत, म्हणून ती थोड्या विस्ताराने सांगतो.

डबेवाल्यांचा धडा

मुंबईच्या डबेवाल्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून मुंबईस गेलेल्या या मंडळींची परंपरा १८९० पासून सांगितली जाते. महादू हावजी बच्चे हे तिचे आद्य पुरुष. हार्वर्डचे प्राध्यापक स्टीफन थॉम्के यांनी २०१० मध्ये या व्यवस्थेचा प्रकरण अभ्यास प्रसिद्ध केला आणि तो व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकविला जाऊ लागला. त्या सुमारास पाचएक हजार माणसे रोज लाखाहून अधिक डबे घरून कचेरीत आणि कचेरीतून परत घरी पोहोचवीत होती. त्यांपैकी बहुतेकांचे शालेय शिक्षण थोडे. तरीही काम चुकत नसे. त्याची कारणे अभ्यासकांनी शोधली. डब्यावरील खुणा थोड्या, पण नेमक्या. लोकल गाडीचे वेळापत्रक साऱ्यांना एकाच तालावर बांधून ठेवणारे. प्रत्येक गटात अडीअडचणीसाठी माणसे जादा. गटातील कमाईची वाटणी सारखी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपण माणसाला अन्न पोहोचवितो ही भावना.

मात्र या उदाहरणाला एक पुरवणी जोडणे माझे कर्तव्य आहे, कारण चूक माझ्याही हातून झाली आहे. 'फोर्ब्स' या अमेरिकन नियतकालिकाने डबेवाल्यांना 'सिक्स सिग्मा' नावाचे अचूकतेचे प्रमाणपत्र दिले, असे मी अनेक भाषणांत सांगत आलो. वास्तविक १९९८ मध्ये त्या नियतकालिकात केवळ एक लेख आला होता. असे कोणतेही प्रमाणपत्र दिले गेले नाही, आपण तो शब्दही वापरला नव्हता, असे त्या लेखाच्या लेखकानेच नंतर स्पष्ट केले. आम्हा प्रसिद्धीच्या लोकांना गौरवाची वार्ता तपासून पाहण्याची सवय कमी, आणि ऐकणाऱ्यालाही ती गोड वाटते. संशोधनाचा पहिला उपयोग हा की, कौतुक आणि पुरावा यांत भेद करता येतो. डबेवाल्यांचे मोठेपण प्रमाणपत्रावाचून उणे होत नाही; आणि २०२० च्या टाळेबंदीत लोकल थांबल्यावर त्यांच्यावर जे संकट कोसळले, ते कोणत्याही प्रमाणपत्राने टळले नाही. ज्या वेळापत्रकावर त्यांची सारी शक्ती उभी होती, तेच बंद पडले. एकाच आधारावर उभ्या असलेल्या प्रत्येक धंद्याने हा धडा ध्यानात ठेवावा. एकाच पिकावर उभ्या असलेल्या जिल्ह्यानेही ठेवावा.

साखर कारखान्यांची परीक्षा

दुसरे उदाहरण सहकारी साखर कारखान्यांचे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरेच्या परिसरात लोणी येथे शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले. पुढे पश्चिम महाराष्ट्रात असे अनेक कारखाने निघाले. उत्तर भारतात आणि अन्यत्र तसेच प्रयत्न झाले, पण तेथे हे यश दिसले नाही. असे का व्हावे?

या प्रश्नाच्या मागे दोन अभ्यासक लागले. दिल्ली विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८० मध्ये आला. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे डोनाल्ड अ‍ॅटवुड पुणे जिल्ह्यातील माळेगाव परिसरात येऊन राहिले. पुढे दोघांनी मिळून लिहिले आणि १९८८ मध्ये भारतातील विविध सहकारी संस्थांवरील एक ग्रंथ संयुक्तपणे संपादित केला. सहकार्याचे हे उत्तम उदाहरण आहे. एकाला भाषा, नाती आणि गावकीचे राजकारण उपजत कळत होते. दुसऱ्याला बाहेरच्या नजरेने त्या गोष्टींविषयी प्रश्न पडत होते, ज्या आपल्याला नित्याच्या म्हणून दिसतच नाहीत.

त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर साखरेचा उतारा घटतो आणि कारखाना पूर्ण क्षमतेने चालला नाही तर तोटा सर्वांचाच होतो. म्हणून मोठ्या बागायतदाराला लहान शेतकऱ्याच्या उसाची गरज असते आणि लहानाला मोठ्याच्या वजनाची. जेथे समाजरचनेत या दोघांना एकत्र येणे शक्य झाले, तेथे सहकार टिकला. केवळ कायदा आणि अनुदान यांच्या बळावर तो टिकत नाही.

पण संशोधन एका उत्तराशी थांबत नाही. २००१ मध्ये अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देवराज रे या चार अर्थशास्त्रज्ञांनी याच कारखान्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. बॅनर्जी यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला. आकडेवारी तपासून त्यांनी दाखविले की, कारभार मोठ्यांच्या हाती असताना उसाचा भाव कमी ठेवून मागे राहिलेल्या पैशाचा लाभ आपल्याकडे वळविण्याची प्रवृत्ती असते, आणि सभासदांतील लहानमोठ्यांचे प्रमाण जसे असेल तसा तिचा भावावर परिणाम होतो. म्हणजे एका अभ्यासाने सांगितले, लहानमोठे एकत्र आले म्हणून कारखाना चालला. दुसऱ्याने सांगितले, एकत्र आले तरी वाटणीवर नजर ठेवावी लागते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. २००२ च्या कायदादुरुस्तीनंतर शेतकऱ्यांना उत्पादक कंपन्या काढण्याची सोय झाली आहे. आपल्यापैकी जे अशी कंपनी काढू इच्छितात, त्यांनी ही दोन्ही विधाने कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहेत.

तारापूरचे माग

तिसरे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते, कारण ते कापसाशी निगडित आहे. आपल्या आवारातून निघालेला कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात, त्यांचे सूत होते आणि सुताचे कापड. या साखळीच्या दुसऱ्या टोकाला मुंबईजवळ तारापूर व उंबरगाव येथे कापड विणणारे कारखाने आहेत. तेथे २००८ मध्ये निकोलस ब्लूम आणि त्यांचे चार सहकारी यांनी एक प्रयोग आरंभिला. त्यांत स्टॅनफर्ड विद्यापीठातील व जागतिक बँकेतील संशोधक होते.

प्रयोगाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. पूर्वीचा संशोधक कारखाना पाहून येई आणि वर्णन लिही. येथे मात्र औषधाची परीक्षा जशी घेतात तशी व्यवस्थापनाची परीक्षा घेतली. १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून काही कारखान्यांना सल्लागारांचे अनेक महिन्यांचे विनामूल्य मार्गदर्शन दिले आणि उरलेल्यांची केवळ प्राथमिक तपासणी केली. मग दोहोंची तुलना केली.

सल्ला तरी कोणता होता? त्यात यंत्राची नवी जात नव्हती की मोठे भांडवल नव्हते. सुताचा साठा मोजून नोंदवावा. पोती कोठेही फेकू नयेत, जातवार ठेवावीत. माग बंद पडण्यापूर्वीच त्याची देखभाल करावी. कापडात दोष कोठे व का आला, हे रोज लिहावे आणि सकाळी एकत्र बसून पाहावे. अशा साध्या ३८ गोष्टींची यादी होती. एवढ्याने पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मग हे आधीच का केले नव्हते? संशोधकांना आढळले की, काही मालकांना या गोष्टी माहीतच नव्हत्या. आणि ज्यांना माहीत होत्या, त्यांना 'आपले बरे चालले आहे, याची गरज नाही' असे वाटत होते. आणखी एक गोष्ट दिसली. कंपनी किती मोठी होईल, हे मालकाच्या कर्तबगारीपेक्षा घरात कर्ते पुरुष किती आहेत यावर अधिक अवलंबून होते. कारण बाहेरच्या व्यवस्थापकावर विश्वास टाकण्याची कोणाचीच तयारी नव्हती.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. आठनऊ वर्षांनी तेच संशोधक पुन्हा तेथे गेले आणि त्यांचा दुसरा निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुरू केलेल्या चांगल्या सवयींपैकी जवळजवळ निम्म्या गळून पडल्या होत्या. व्यवस्थापक बदलले, मालकांना वेळ उरला नाही, आणि वही बंद झाली. तथापि, मार्गदर्शन न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा ते अजूनही पुढेच होते, आणि त्या कंपन्यांच्या अन्य कारखान्यांतही काही सवयी पसरल्या होत्या.

नवे प्रवाह

या तीन उदाहरणांतून संशोधनाची बदलती दिशा आपल्या ध्यानी येईल. वर्णनाकडून तुलनेकडे, तुलनेकडून प्रयोगाकडे आणि प्रयोगाकडून पुनर्तपासणीकडे ती वळली आहे. एकट्या विद्वानाऐवजी दोनतीन देशांतील चारपाच जण मिळून लिहितात. मोठ्या कंपन्यांवरून नजर लहान व्यवसायांकडे आणि गरीब माणसाकडेही आली आहे.

या शेवटच्या वळणाचे श्रेय बहुतांशी आपल्याच एका माणसाला जाते. कोईमतूर येथे जन्मलेले, अहमदाबादेत आणि हार्वर्डमध्ये शिकलेले व मिशिगन विद्यापीठात अध्यापन करणारे कै. सी. के. प्रल्हाद यांनी २००४ च्या आपल्या ग्रंथात मांडले की, कंपन्यांनी गरिबांना ग्राहक मानून त्यांच्यासाठी वस्तू व सेवा घडविल्या, तर नफाही होईल आणि दारिद्र्यही हटेल. यावर त्याच विद्यापीठातील अनिल कर्नाणी यांनी जाहीर आक्षेप घेतला. गरिबाला केवळ ग्राहक समजू नका, त्याला उत्पादक समजा. त्याचे उत्पन्न वाढेल तरच त्याचे दारिद्र्य हटेल, असे त्यांचे म्हणणे. दोघेही भारतीय, दोघेही एकाच विद्यापीठातील, आणि वाद आपल्या जगण्याविषयीचा. तो वाद झाला इंग्रजीत, अमेरिकेत. आपण त्या वेळी सरकी पेरत होतो.

आपला जिल्हा आणि आपला कापूस

या जिल्ह्यातही संशोधनाचा वारसा आहे. १९४० मध्ये जोडेघाट येथे कोमराम भीम यांचे बलिदान झाले. त्यानंतर ऑस्ट्रियात जन्मलेले मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ गोंड समाजाचा अभ्यास करण्यासाठी मार्लवाई गावी येऊन राहिले. तो परिसर तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. २०१६ च्या विभाजनानंतर तो कोमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेला. हा अभ्यास केवळ ग्रंथात राहिला नाही. त्यातून १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले, गोंडी भाषेतील वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली आणि हजारो गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. हाइमेनडॉर्फ यांची पत्नी बेटी यांची समाधी त्याच गावी आहे.

पण हेच संशोधक १९७० नंतरच्या दशकात पुन्हा येथे आले, तेव्हा त्यांना काय दिसले? दिलेल्या जमिनींपैकी बरीच जमीन बाहेरून आलेल्या लोकांच्या ताब्यात गेलेली होती. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ही खंत नोंदलेली आहे. विषय निराळे, काळ निराळे; पण तारापूरच्या मागांवर आणि मार्लवाईच्या शिवारात मला एकच गोष्ट दिसते. संशोधकाने आणलेली सुधारणा तो असेपर्यंत चालते. ज्यांच्यासाठी ती आणली, त्यांनी ती आपल्या हाती घेतली नाही तर ती सुटते.

आता कापसाकडे येऊ. आपल्या मालाच्या भावात न्यूयॉर्कच्या वायदेबाजारापासून दिल्लीतील आयातशुल्काच्या निर्णयापर्यंत अनेक गोष्टींचा हात असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरील ११ टक्के आयातशुल्क काही काळासाठी उठविण्यात आले, तेव्हा आपल्या आवारातही त्याची चर्चा झालीच. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. पण तो पदरात पडण्यासाठी कापसातील ओलावा ८ टक्क्यांच्या आत असावा लागतो. ८ ते १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात भाव कापला जातो आणि १२ च्या वर भारतीय कापूस महामंडळ माल घेत नाही. परतीच्या पावसानंतर गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याचे सारे वर्ष त्या लहानशा यंत्राच्या काट्यावर ठरते. त्याची धोरणाची परीक्षा तेथे होते. पण तिची तयारी घरी, वेचणीच्या दिवशीच व्हायला हवी असते.

धोरणाचे परिणाम सीमा मानत नाहीत, हेही या भागाइतके कोणी जाणत नसेल. महाराष्ट्रात १९७२ पासून सुमारे तीन दशके कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. ज्या वर्षी बाहेरचा भाव चढा असे, त्या वर्षी कायद्याची बंदी असूनही कापूस शेजारच्या राज्यांत जाई. ज्या वर्षी बाहेरचा भाव पडे, त्या वर्षी योजनेच्या केंद्रांवर रांगा लागत. योजनेचा हेतू शेतकऱ्याच्या हिताचाच होता. परंतु शेजारच्या बाजाराचा हिशेब मांडल्यावाचून केलेले धोरण कसे ताणले जाते, हे त्यातून दिसले. अशा विषयाचा अभ्यास सीमेच्या दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांनी मिळून केला पाहिजे. आंतरराष्ट्रीय सहकार्याइतकेच असे आंतरराज्य सहकार्यही महत्त्वाचे आहे.

आपण काय करावे?

मित्रहो, केवळ माहिती सांगून मी थांबलो, तर त्या पाहणीवाल्या मंडळींत आणि माझ्यात काही फरक उरणार नाही. म्हणून तीन विनंत्या करतो.

पहिली विनंती शेतकरी बांधवांना व भगिनींना. एक वही ठेवा. बियाणे, खत व फवारणी यांचा खर्च, प्रत्येक वेच्याची तारीख, वजन व मजुरी, विक्रीच्या दिवशीचा ओलावा आणि मिळालेला भाव, एवढेच लिहा. घरात जो शाळेत जातो, त्याच्याकडून लिहवून घ्या. तीन हंगामांनंतर ती वही सांगेल की, थांबल्याने लाभ झाला की घट आली, कोणता वेचा परवडला आणि कोणता नाही. तारापूरच्या कारखानदारांना सल्लागारांनी जे शिकविले, त्याचे सार या वहीत आहे. आणि ती वही आपली असेल. ती कोणी लिहून नेऊ शकणार नाही.

दुसरी विनंती अधिकारी वर्गाला आणि ग्रामपंचायतींना. संशोधक गावी आले तर त्यांचे स्वागत करावे. पण नम्रपणे चार प्रश्न विचारावेत. आपण कोणाच्या वतीने आलात? या कामाचा खर्च कोण करतो? या माहितीचे काय होणार? आणि निष्कर्ष आम्हाला आमच्या भाषेत केव्हा सांगणार? उत्तर द्यावे की न द्यावे, हा ज्याचा त्याचा अधिकार आहे, हेही ग्रामस्थांना समजावून सांगावे. आलेल्या प्रत्येक पाहणीची नोंद पंचायतीच्या दप्तरी राहावी आणि अहवाल आल्यावर त्याचा सारांश ग्रामसभेत वाचला जावा.

तिसरी विनंती शिक्षकांना, आणि ती सर्वांत महत्त्वाची. मराठी, तेलुगू आणि गोंडी या तीन भाषा या मातीत एकत्र नांदतात. परदेशी विद्यापीठ आणि आपली ओसरी यांच्यामध्ये पूल बांधू शकेल असा माणूस म्हणजे शिक्षक. टक्केवारीचे गणित शिकविताना ओलाव्याची कपात उदाहरणादाखल घ्यावी; सरासरी शिकविताना मुलांच्या घरच्या वह्या घ्याव्यात. वर्षातून एक तरी अहवाल वाचून त्याचे दोन पाने सुबोध टिपण आपल्या भाषेत करावे. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे एक आद्य संचालक रवी मथाई यांनी पद सोडल्यावर १९७५ मध्ये राजस्थानातील जवाजा येथे विणकर व चर्मकार यांच्यासोबत काम आरंभिले. मोठ्या संस्थेचा माणूस गावात शिकावयास येऊ शकतो, तर गावचा शिक्षक त्या ज्ञानात भर का घालू शकणार नाही?

सहकार्य या शब्दात दोन्ही बाजूंचे कार्य अंतर्भूत आहे. एकाने विचारावे आणि दुसऱ्याने नुसतेच सांगावे, हे सहकार्य नव्हे. कोपरगाव आणि माळेगाव यांचा अभ्यास फळाला आला, कारण घरचा आणि बाहेरचा असे दोघे जण एका पंक्तीला बसले. आता त्या पंक्तीत तिसरा पाट ज्याचा अभ्यास होतो त्याचा मांडला पाहिजे.

त्या ओसरीवरील वयस्क गृहस्थ पुन्हा भेटले, तर त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी आजही पूर्ण नाही. परंतु पुढच्या वेळी जी मंडळी येतील, त्यांच्यापुढे गावाने आपली वही उघडून ठेवली आणि 'तुमचा निष्कर्ष आम्हाला वाचून दाखवा, आम्ही तो आमच्या वहीशी ताडून पाहू' असे म्हटले, तर तो प्रश्न पुन्हा कोणाला विचारावा लागणार नाही.